ब्रह्मकमळ: एक कुंडीतलं, एक डोंगरावरचं

मागच्या भागात बर्फाळ भागात पूल कसा टाकतात ते बोललो होतो. आज फुलाबद्दल बोलणार आहे. इंजिनिअर्समधला निवृत्त माणूस फुलाबद्दल काय सांगणार, असं तुम्हाला वाटेल. माझ्या बायकोलाही तसंच वाटलं. पण या विषयाचं माझ्यावर जवळजवळ चाळीस वर्षांचं देणं आहे, म्हणून आज तो घेतोच.

झालं असं, की गेल्या जुलैत एका रात्री साडेदहाला आमच्या दाराची बेल वाजली. आम्ही येलहंका न्यू टाउनमध्ये राहतो आणि आमच्या मजल्यावर साडेदहा म्हणजे सामसूम. दारात समोरच्या घरातल्या आजी. हातात आरतीचं ताट, मागे दोन नातवंडं मोबाईल घेऊन. म्हणाल्या, "सर, ब्रह्मकमला अरळ्ता इदे, बन्नि!" म्हणजे ब्रह्मकमळ उमलतंय, या बघायला. गेलो. त्यांच्या बाल्कनीत, झाऱ्याच्या शेजारी, पांढरंशुभ्र, हाताच्या पंजापेक्षा मोठं फूल. वास अख्ख्या जिन्यात. आजींनी कुंकू लावलं, आरती केली, मुलांनी फोटो काढले. आपल्याकडे साताऱ्या-पुण्यात होतं, अगदी तेच.

तेवढ्यात धाकट्या नातवानं मला विचारलं, "अंकल, तुम्ही हिमालयात होता ना? तिथे हे फूल खूप असतं ना?"

आता काय सांगायचं? आजी ताट घेऊन उभ्या. मी म्हटलं, "उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी त्याला जे सांगितलं, तेच आज तुम्हाला जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे ब्रह्मकमळ नावाची दोन वेगवेगळी झाडं आहेत. त्यांचं एकमेकांशी नातं इतकंच, की दोन्हींना फुलं येतात. आपल्या कुंडीत असतं ते निवडुंगाच्या जातीचं. शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. त्याचं मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. दुसरं हिमालयातलं, सॉस्युरिया ऑब्व्हॅलाटा. उत्तराखंडाचं राज्यफूल आहे ते हे. १९८२ साली आपल्या टपाल खात्यानं हिमालयातल्या फुलांची तिकिटं काढली, त्यातलं ब्रह्मकमळही हेच. आणि खरं कमळ, म्हणजे तळ्यातलं, विष्णूच्या नाभीतून निघालेलं ज्याला आपण मानतो, ते तिसरंच. थोडक्यात, ब्रह्मकमळ म्हणून जी दोन झाडं ओळखली जातात, त्यातलं एकही कमळ नाही.

कुंडीतल्याचं आधी थोडक्यात उरकतो, कारण तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी ते असेल. ज्याला आपण पान म्हणतो ते पान नव्हेच, तो चपटा झालेला देठ आहे. म्हणून तर कळी 'पाना'च्या कडेतून फुटते. मूळ देशात हे झाडांच्या फांद्यांवर वाढतं. बांडगुळासारखं रस शोषत नाही, आपल्या आंब्यावरच्या आमरीसारखं नुसतं टेकून राहतं. त्यामुळे कुंडीत चिकट काळी माती भरलीत तर ते रुसतं. माती भुसभुशीत हवी, पाणी तुंबायला नको. दिवसा पाणी उडून जाऊ नये म्हणून निवडुंग आपली रंध्रं बंद ठेवतात आणि रात्री उघडतात. हे फूलही रात्रीचंच. मूळ देशात रात्री उडणारे मोठे पतंग त्याच्यावर येतात, त्यांना अंधारात दिसावं म्हणून ते पांढरं आणि त्यांना लांबून कळावं म्हणून एवढा वास. पहाटेपर्यंत काम संपतं, सकाळी मान टाकलेली. केरळात त्याला निशागंधी म्हणतात, श्रीलंकेत कडुपुल. ही दोन्ही माणसं आपल्यापेक्षा प्रामाणिक म्हणायची. आपण मात्र आतले पुंकेसर बघून म्हणतो, हा बघा शेष, हा बघा ब्रह्मदेव. असो. त्याची पूजा करणाऱ्यांना माझं काही म्हणणं नाही. आमच्याही घरी ते आहे, आणि त्याची गोष्ट पुढे येईल.

आता डोंगरावरच्याकडे.

१९८६ साली मी कॅप्टन होतो आणि आमची तुकडी जोशीमठच्या वरच्या भागात रस्त्याच्या कामावर होती. ऑगस्टचा पहिला आठवडा. पावसानं दरड कोसळली, काम तीन दिवस थांबलं, आणि मला हेमकुंडला जायची परवानगी मिळाली. गोविंदघाटाहून चालत घांगरिया, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी सहा किलोमीटरची उभी चढण. हेमकुंड चार हजार मीटरच्या वर आहे. तिथल्या गुरुद्वाऱ्याची इमारत आमच्याच कोअरच्या मेजर जनरल हरकीरत सिंगांच्या पुढाकारानं उभी राहिली. छताचा उतार असा, की वर्षातले सहा-सात महिने पडून राहणाऱ्या बर्फाचं ओझं त्यानं पेलावं. मला खरं तर ती इमारत बघायची होती. फुलांचं काही डोक्यात नव्हतं.

माझ्याबरोबर भ्यूंदार गावचा एक वयस्कर माणूस होता, आमच्या कामावर मजुरांचा मेट. शेवटच्या वळणाआधी त्यानं हात करून दाखवलं, "साहब, वो देखो, कौंल।" गढवालात या फुलाला कौंल म्हणतात, म्हणजे कमळच. मी बघितलं आणि खरं सांगतो, मला ते फूल वाटलंच नाही. दगडांच्या फटीत, गुडघ्याच्या खालीच राहील एवढं उंच, पिवळट-हिरवट पांढऱ्या कागदाचे द्रोण एकात एक घालून ठेवावेत तसं काहीतरी. जवळ गेल्यावर एक उग्र, जडसर वास. वर गेल्यावर ज्याचं डोकं धरतं, त्याला फुलांच्या वासाचं विष लागलं, असं तिकडचे जुने लोक म्हणत. आपण त्याला विरळ हवेचा त्रास म्हणतो. पण त्या वासात पाच मिनिटं उभं राहिलं, की जुन्या लोकांना दोष द्यावासा वाटत नाही.

आता हे कागदी द्रोण म्हणजे काय ते समजून घ्या, कारण सगळी गंमत तिथे आहे. हे झाड सूर्यफुलाच्या कुळातलं. त्याच कुळात आपला झेंडू, शेवंती. दसऱ्याला झेंडूची फुलं ओवताना एक फूल मोडून बघा. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो, ती एकेक स्वतंत्र लहान फुलं असतात, शेकड्यांनी एका बोंडात बसवलेली. ब्रह्मकमळातही तसंच. त्या कागदी द्रोणाच्या आत बोटानं उघडून बघितलं, तर गडद जांभळी बोंडं दिसतात, सहा-सात, कधी जास्त, एकमेकांना चिकटून बसलेली. खरी फुलं ती. बाहेरचा पांढरट भाग म्हणजे पाकळ्या नाहीत, पानांचंच बदललेलं रूप आहे.

मग झाडानं एवढा कागदी पसारा का मांडला? तुम्ही कधी त्या उंचीवर तंबूत झोपला असाल तर उत्तर लगेच कळेल. चार हजार मीटरवर ऑगस्टमध्येही रात्री पाणी गोठायला येतं. ऊन पडलं तर चटका लागतो, त्यातले अतिनील किरण खालच्यापेक्षा किती तरी कडक. ढग आला की दहा मिनिटांत दात वाजायला लागतात. आणि पाऊस तर रोजचाच. परागकण भिजले की वाया गेले. अशा ठिकाणी उघड्यावर फूल फुलवणं म्हणजे पावसात पीठ वाळत घालण्यासारखं. म्हणून या झाडानं फुलांवर तंबू ठोकला. अर्धपारदर्शक कापडाचा, उजेड आत येतो, ऊब आत राहते, पाऊस बाहेर घसरतो. शास्त्रज्ञ अशा झाडांना काचघर वनस्पतीच म्हणतात. पुढे माझी बदली उत्तर सिक्कीममध्ये झाली तेव्हा तिथे याच युक्तीचं आणखी मोठं झाड बघितलं. माणसाच्या छातीला लागेल एवढा फिकट पिवळा सुळका कड्यावर एकटा उभा, लांबून वाटावं कुणी कंदील ठेवलाय. ते रुबार्बच्या जातीचं, रीउम नोबिली. जोसेफ हूकरनं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सिक्कीमात फिरताना ते बघून ठेवलंय. दोन झाडांचं कूळ वेगळं, नातं नाही, पण थंडीशी दोघांनी सारखीच तडजोड केली.

नाव देणाऱ्यानंही हेच बघितलं असणार. ऑब्व्हॅलाटा हा शब्द लॅटिन, त्यात 'व्हॅलम' म्हणजे तटबंदी. तटानं वेढलेली, असा अर्थ. आम्हा फौजी लोकांना हे नाव ब्रह्मकमळापेक्षा जवळचं. पहिला शब्द सॉस्युरिया, तो जिनिव्हाच्या होरास बेनेडिक्ट द सोस्युर आणि त्याच्या मुलाच्या नावावरून, द कान्दोल या वनस्पतिशास्त्रज्ञानं ठेवलेला. थोरल्या सोस्युरनं १७६० मध्ये मोंब्लांवर जो पहिला चढेल त्याला बक्षीस लावलं. २६ वर्षं ते कुणी घेतलं नाही. १७८६ मध्ये दोघं चढले, आणि पुढच्या वर्षी सोस्युर स्वतः आपली उपकरणं घेऊन वर गेला. उंचावरच्या झाडाला उंच चढणाऱ्याचं नाव मिळालं, हे मला आवडतं.

आणखी एक गोष्ट नीट ऐका. हे झाड बहुवर्षायू आहे. म्हणजे दरवर्षी मरून बीपासून नव्यानं उगवत नाही. जमिनीत जाडसर मूळखोड असतं. थंडी आली की वरचं सगळं सुकून जातं, बर्फाखाली फक्त ते मूळखोड जिवंत राहतं. जूनमध्ये बर्फ वितळलं की त्यातून पानं, मग दांडा, जुलै-ऑगस्टमध्ये फुलं, सप्टेंबरमध्ये बी. चार महिन्यांत वर्षभराची कमाई. बीला बारीक केसांचा झुपका असतो, आपण लहानपणी रुईच्या म्हाताऱ्या पकडायचो तसा, आणि वाऱ्यावर ते जातं. दगडांच्या फटीत पडलं, थोडी माती मिळाली, थंडी सोसली, तर नवं झाड. नाहीतर काही नाही.

आता मी काय केलं ते सांगतो.

मी त्या चढावर बारा फुलं तोडली. दांड्यासकट. आईला ब्रह्मकमळाचं भारी वेड. साताऱ्याच्या घरी तिनं कुंडीत लावलेलं होतं, ते मेक्सिकोवालं, पण तेव्हा मला हे कुठे माहीत? म्हटलं, आईला हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ नेऊन दाखवावं. मेट गप्प उभा. साहेबाला कोण अडवणार? मी बाराव्या फुलाला हात घातला तेव्हा तो हळूच म्हणाला, "साहब, अष्टमी से पहले नहीं तोड़ते।"

मी विचारलं, का? म्हणाला, देवीचं आहे. मला वाटलं, असेल काही श्रद्धा. फुलं वर्तमानपत्रात गुंडाळली आणि खाली आलो.

ती अष्टमी म्हणजे नंदाष्टमी, भाद्रपद शुद्ध अष्टमी. आता तारखेचा विचार करा. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला आपले गणपती बसतात, आणि अष्टमीच्या सुमाराला आपल्या घरी गौरी जेवतात. तिकडे त्याच दिवसांत नंदादेवीचा उत्सव. नंदा म्हणजे पार्वतीच, म्हणजे आपली गौर. फरक एवढाच, की आपल्याकडे गौर माहेरी येते आणि गढवालात नंदा ही गावची लेक, तिला सासरी, म्हणजे कैलासाकडे पाठवतात. बायका रडत तिची पाठवणी करतात. बारा वर्षांनी मोठी नंदा राजजात निघते ती याच पाठवणीची, २०१४ मध्ये झालेली अनेकांनी टीव्हीवर पाहिली असेल. तर या नंदाष्टमीला गावातली ठरावीक माणसं उपास करून, अनवाणी, पाठीवर करंडी घेऊन वर जातात आणि देवीसाठी कौंल आणतात. त्याआधी तोडायचं नाही. वरच्या कुरणांत मोठ्यानं ओरडायचं नाही, भडक कपडे घालायचे नाहीत, असेही नियम.

मी पुढे बऱ्याच वर्षांनी हे सगळं वाचलं आणि हिशोब मांडला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फूल ऐन भरात असतं, बी धरलेलं नसतं. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बऱ्याच झाडांचं बी तयार होत आलेलं असतं, काहींचं उडूनही गेलेलं असतं. म्हणजे तो नियम म्हणजे झाडाला दिलेली महिन्याभराची मुदत होती. शिवाय अनवाणी आणि उपाशी चार हजार मीटरवर किती माणसं जाणार? आणि पाठीवरच्या एका करंडीत किती फुलं मावणार? नियम करणाऱ्यांना बी आणि परागकण यांचं शास्त्र माहीत होतं, असा माझा दावा नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या तोडत आले आणि फुलं संपली नाहीत, एवढं त्यांना दिसत होतं.

दांडा तोडल्यानं माझी बारा झाडं मेली नसतील. मूळखोड खाली होतं, पुढच्या जूनला ती फुटली असतील. पण त्या वर्षीचं त्यांचं बी मी घेऊन गेलो. जे मुळासकट उपटतात, औषधाला म्हणून, त्यांच्याकडून झाडच जातं. हा फरक लक्षात ठेवा, कारण बातम्यांत दोन्हीला 'तोडणी' असा एकच शब्द वापरतात.

फुलांचं पुढे काय झालं? ऋषिकेशपर्यंत बस, दिल्लीहून झेलम एक्स्प्रेसनं पुणे, मग एसटीनं सातारा. पाचव्या दिवशी मी आईपुढे पुडकं उघडलं. तिनं चष्मा लावला, एक उचलून उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "हे कसलं रे ब्रह्मकमळ? वाळलेल्या कोबीसारखं दिसतंय." मी म्हटलं, अगं, हेच खरं, तिथे केदारनाथला हेच वाहतात, नंदादेवीला हेच वाहतात. ती क्षणभर गप्प राहिली. मग विचारलं, "आणि तू ती सगळी इकडे आणलीस? मग तिथल्या देवाला काय ठेवलंस?"

मला उत्तर देता आलं नाही. तिनं एक देवापुढे ठेवलं, बाकीची कपाटात. पावसाळी हवेनं पंधरा दिवसांत बुरशी धरली.

२०१९ मध्ये मी, बायको आणि मुलगी हेमकुंडला पुन्हा गेलो. या वेळी नियमानं, सप्टेंबरात, घोडा न करता. गुडघ्यांनी मला त्याची शिक्षा दिली. वाटेच्या दोन्ही बाजूंना, मला आठवत होतं त्या वळणावर, एकही ब्रह्मकमळ नव्हतं. वरच्या बाजूला, जिथे हात पोचत नाही अशा कड्याच्या कपारीत, दहा-पंधरा होती. मुलीनं दुर्बिणीतून बघितली. आता एका माणसाच्या दोन फेऱ्यांवरून शास्त्र होत नाही, आणि सप्टेंबरात बरीचशी सुकूनही गेलेली असतात. पण हाताला येईल तिथे नाही आणि हाताबाहेर आहे, याचा अर्थ लावायला मला शास्त्रज्ञ लागत नाही.

कारणं एकापेक्षा जास्त आहेत. माणसं वाढली. केदारनाथला आता एका मोसमात कित्येक लाख यात्रेकरू जातात, आणि प्रत्येकाला एक फूल हवं म्हटलं तर डोंगर पुरणार नाही. जुना नियम एका गावाच्या एका करंडीचा होता, दुकानात फूल विकत घेणाऱ्याला तो लागू पडत नाही. दुसरं, हवा तापतेय. थंडीची झाडं थोडी थोडी वर सरकतात. खालच्या झाडाला वर सरकायला जागा असते. हे आधीच वर राहणारं, त्याच्या वर खडक आणि हिमनदी. सरकता सरकता डोंगर संपतो.

कायद्याचं म्हणाल, तर राष्ट्रीय उद्यानात काहीही तोडायला बंदी आहेच. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, २००५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, तिथे मुक्काम करता येत नाही, दिवसा जाऊन परत घांगरियाला यायचं. पण नुसतं कुंपण घातलं की झालं, असंही नाही. उद्यान झाल्यावर चराई बंद केली. मेंढ्या गेल्या, आणि काही वर्षांत पॉलिगोनम नावाचं उंच, दाट वाढणारं झाड फुलांच्या जागा व्यापू लागलं. ते उपटायला वनखात्याला माणसं लावावी लागतात. चराई थांबल्यामुळेच हे झालं का, यावर जाणकारांचं एकमत नाही. आपल्या कासच्या पठारावर कुंपण घातल्यावर साताऱ्यात हाच वाद झाला होता, तो काहींना आठवत असेल.

ब्रह्मकमळाच्या एका चुलतभावाची गोष्ट मात्र इशाऱ्यासारखी आहे. कोष्ठ, म्हणजे हिंदीतलं कुठ. काष्ठौषधींच्या दुकानात त्याच्या मुळ्या मिळायच्या. रोमन लोकांच्या काळापासून तो हिमालयातून परदेशी जातोय, अत्तरासाठी, धुपासाठी, औषधासाठी. तिथे दांडा तोडून भागत नाही, मूळच खणायचं. रानातला कोष्ठ त्यामुळे इतका विरळ झाला, की वन्यजीव कायद्यात १९९१ मध्ये ज्या सहा वनस्पतींना खास संरक्षण दिलं, त्यात त्याचं नाव घालावं लागलं. त्या सहांत ब्रह्मकमळ नव्हतं.

दोन गैरसमज जाता जाता. ब्रह्मकमळ बारा किंवा चौदा वर्षांनी एकदाच फुलतं, असे संदेश दर पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येतात. खोटं आहे. हिमालयातलं मोठं झालेलं झाड मोसमात फुलतं, आणि ते फूल एका रात्रीचं नसतं, कित्येक दिवस टिकतं. रात्रीचं प्रकरण निवडुंगाचं. बारा वर्षांचा आकडा, मला वाटतं, नीलकुरिंजीवरून आला असावा. मुन्नारला ती २००६ मध्ये फुलली, मग २०१८ मध्ये. तीन फुलांच्या गोष्टी मिसळून एक फूल तयार झालं, आणि ते जगात कुठेच नाही.

दुसरा गैरसमज महाग पडतो. 'हिमालयाचं अस्सल ब्रह्मकमळ, घरपोच रोप' अशा जाहिराती येतात. माझ्या एका जुन्या सहकाऱ्यानं मागवलं, आलं ते निवडुंगाचं पान. हे ठीक, पैसे गेले एवढंच. काळजी आहे ती खरोखर वरून खणून आणणाऱ्याची. ते इथे जगणारच नाही. साधा हिशोब करा. येलहंका समुद्रसपाटीपासून साधारण ९०० मीटरवर. हेमकुंड त्याहून तीन हजार मीटरपेक्षा जास्त वर. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे नुसत्या उंचीमुळेच वीस अंशांचा फरक, उत्तरेचा तर वेगळाच. बंगळूरला आपण थंड हवेचं गाव म्हणतो, पण त्या झाडाला आपला डिसेंबरसुद्धा भट्टी वाटेल. त्याला वर्षातले काही महिने गाडून झोपवणारा बर्फ लागतो. फ्रिजमध्ये कुंडी ठेवली तर चालेल का, असं आजींच्या नातवानं मला विचारलं. मुलगा हुशार आहे. पण मग ऑगस्टमधलं ऊन आणि भुंगे कुठून आणणार, असं मी विचारल्यावर तो विचारात पडला.

आणि आता आमच्या घरच्या कुंडीची गोष्ट, जी वर राहिली होती. आई गेली तेव्हा साताऱ्याचं घर आवरताना मी तिच्या कुंडीतलं एक पान ओल्या रुमालात गुंडाळून आणलं. येलहंक्याला ते मातीत खोचलं, तीन वर्षं नुसतं वाढलं, चौथ्या वर्षी फुललं. त्याचंच एक पान आम्ही समोरच्या आजींना दिलं होतं. जुलैच्या त्या रात्री ज्याची आरती झाली, ते त्याचंच. त्या झाडाचं असं आहे, की पान तोडलं तरी ते वाढतं, दहा जणांना दिलं तर दहा घरांत फुलतं. बी लागत नाही, डोंगर लागत नाही. ज्यांना लावायचंय त्यांनी पान कापल्यावर दोन-तीन दिवस सावलीत ठेवावं, कापलेली जागा सुकू द्यावी, मग खोचावं, म्हणजे कुजत नाही.

नातवानं दुसऱ्या दिवशी आजींना सगळं सांगितलं. आजी संध्याकाळी माझ्याकडे आल्या. मला वाटलं, रागावल्या. म्हणाल्या, मेक्सिकोचं असू दे, आमच्या घरी देवापुढे त्याचाच मान. मग त्यांनी मोबाईल पुढे केला. नातवानं त्यात हेमकुंडच्या फुलाचा फोटो शोधून दिला होता. बराच वेळ बघून म्हणाल्या, "कोसु हागे इदे." म्हणजे कोबीसारखं दिसतंय.

यंदा त्यांच्या कुंडीला सात कळ्या आहेत आणि आमच्या कुंडीला चार. पुढच्या भागात दरड कोसळते तेव्हा रस्ता कसा मोकळा करतात ते बघू.